शिवाकाकांचं केंद्र

रेडिओवरची बाई सकाळी "नमस्कार" म्हणाली की आमचे शिवाकाका तोंडातलं मशेरीचं बोट बाहेर काढतात, चूळ भरतात, ओलेच हात जोडतात आणि रेडिओकडे बघून म्हणतात, "नमस्कार बाय. बस."

ती बसते की उभ्याउभ्याच बातम्या देते, हे आजवर कोणी पाहिलेलं नाही. पण तिचं सांगून होईपर्यंत काका पुन्हा तोंडात बोट घालत नाहीत. मी एकदा म्हटलं, "काका, तिला तुमचा नमस्कार ऐकू थोडाच जातो?"

"तिला नाय जात," काका म्हणाले, "पन तिनं आदी केला का नाय? तू गिऱ्हाईकाला कदी केलास? गिऱ्हाईक समोर हुबं असतं नि तुझं तोंड मोबाइलच्या गेममदी."

मी गुपचूप साखर तोलायला घेतली.

किन्हवलीच्या पुढे, शहापूर-मुरबाड रस्ता सोडून आत वळलं की ओढ्याच्या कडेनं आमची वाडी लागते. वाडीत माझं किराण्याचं दुकान. दुकानासमोर काकांची ओटी. ओटीवर पाट आणि पाटावर रेडिओ. काका स्वतः जमिनीवर. थंडीच्या दिवसांत पंचा रेडिओच्या अंगावर असतो आणि काका उघडे.

रेडिओ म्हणजे खिशात मावणारा नव्हे. काकांच्या लग्नात सासऱ्यानं दिलेला, लाकडी अंगाचा, दोन माणसांनी उचलावा असा. काकी गेल्या, मुलगी लग्न होऊन सरळगावला गेली, घरात उरले काका, एक म्हैस आणि हा. त्याचा आवाज असा की सकाळच्या बातम्या लागल्या की माहुली गडावरची माकडं उठून बसतात. किन्हवलीत घरात रेडिओ असलेली माणसं तो लावत नाहीत. आमचाच ऐकतात.

वाडीत घड्याळं नाहीत असं नाही, पण ती भिंतीला शोभा म्हणून. भजनाला उठायचं, बातम्यांना चहा, महिलांचा कार्यक्रम लागला की भाकऱ्या आटपायच्या, बाजारभावाला गुरं पाण्यावर. काकांची म्हैस तर संस्कृत बातम्या लागल्याशिवाय पान्हा सोडत नाही. एकदा दिल्लीहून कसल्याशा सोहळ्याचं धावतं वर्णन लागलं आणि संस्कृत बातम्या झाल्याच नाहीत. म्हैस दुपारपर्यंत लाथा झाडत उभी. शेवटी संस्कृत शिकवणाऱ्या एका मास्तरांना किन्हवलीहून मोटारसायकलवर घालून आणलं. त्यांनी गोठ्यात उभं राहून 'देवः देवौ देवाः' सुरू केलं. सप्तमीपर्यंत पोचेतो दुधाची चरवी भरली. कोणाला खोटं वाटत असेल त्यानं म्हशीला विचारावं.

काकांचं स्वतःचं बोलणंही रेडिओच्या शिस्तीचं. आधी ठळक बातम्या, मग सविस्तर, शेवटी पुन्हा ठळक. मधलं काही गाळायचं नाही. एका पावसाळ्यात ते रमतगमत दुकानात आले, घसा खाकरला आणि म्हणाले, "ठळक बातम्या. दिन्याच्या गोठ्यात नाग शिरला. ओढ्याचं पानी उतरलं. वेखंड्यांची सून माहेरून परतली. आता बातम्या सविस्तर."

दिन्या म्हणजे मी. मी सविस्तराला थांबतोय कशाला! काठी घेऊन धावलो. काका माझ्या मागून येत होते. घाई नाही, आरडाओरडा नाही, आवाज मात्र स्पष्ट. "नागाची लांबी अंदाजे दोन हात असून तो कडब्याच्या दिशेनं सरकत असल्याचं समजतं..." नाग निसटला. मी घाम पुसत गव्हाणीवर बसलो, तर काकांनी उभ्याउभ्या मला हवामानही सांगून टाकलं.

श्रुतिका लागली की त्यांची फारच धावपळ होते. नाटकात दार वाजलं की काका उठून आपल्या दाराची कडी काढतात. एका श्रुतिकेत सासू सुनेच्या दुधात काहीतरी कालवत होती. काकांनी रेडिओच्या जाळीला तोंड लावलं आणि कुजबुजले, "गो पोरी, पिऊ नको ते." पोरगी प्यायली. काका दोन दिवस रेडिओशी नीट वागले नाहीत. क्रिकेटचं वर्णन असलं की कोणत्याही देशाचा गडी बाद होवो, ते हळहळतात. "बिचारा, एवढ्या उन्हात आलाता."

शास्त्रीय संगीतातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. पण गाणं चालू आहे तोवर मांडी मोडत नाहीत.

"कळत नाही तर बंद करा की," मी म्हणायचो.

"मानूस गात असताना त्याचं तोंड दाबू? तो काय बोलंल, शहापूर तालुक्यात रीतभात नाय?"

एवढं सगळं ठीक होतं. माझी तक्रार एकच होती. रेडिओचं तोंड माझ्या दुकानाकडे नव्हतं. रस्त्याकडेही नव्हतं. ते होतं डावीकडच्या घराच्या कुडाकडे, कारव्यांच्या भिंतीकडे. समोर राहून मी इतकी वर्षं रेडिओची कड ऐकत आलो. "जरा इकडे वळवा की हो," म्हणावं तर काका म्हणायचे, "लहरी कंच्या बाजूनं येतात तुला ठावं हाय का? मुंबईकडनं. त्या रेडिओनं पाठीवर घ्यायच्या असतात. तोंडावर घेतल्या तर सर्दी व्हते त्याला."

मी किराणावाला. मला लहरींतलं काय कळतंय!

आता डावीकडच्या घराबद्दल सांगायला हवं. ते घर राघोदादांचं. राघोदादा म्हणजे शिवाकाकांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांच्या अंगणांत एक हातभर उंचीचा बांध, आणि दोघांच्या तोंडांत अबोला. अबोले आमच्याकडे पुष्कळ होतात. भात झोडून होईपर्यंत टिकतात आणि नव्या तांदळाच्या भाकरीबरोबर विरघळतात. पण हा अबोला इतका जुना की त्याचं लग्न लावून दिलं असतं तर त्याला नातवंडं झाली असती.

भांडण रेडिओवरूनच झालं. भाताचं रोप टाकायची जागा आमच्याकडे आधी भाजून घेतात. शेण, पालापाचोळा, टहाळ्या रचायच्या, वर माती पसरायची आणि उन्हाळ्यात पेटवायचं. त्याला राब म्हणतात. तण जळून जातं, रोप जोमानं येतं. राघोदादा राब भाजण्यात असे तरबेज की त्यांच्या राबाचा धूरसुद्धा इकडेतिकडे न बघता सरळ वर जायचा. त्या वर्षी ते लेकीच्या बाळंतपणासाठी डोळखांबकडे गेले होते आणि जाताना धाकट्याला सांगून गेले, "राब तेवढा भाजून घे."

नेमकं त्याच संध्याकाळी रेडिओवर एका शेतीतज्ज्ञ साहेबांचं भाषण लागलं. साहेब म्हणाले, राब न भाजताही उत्तम रोप तयार करता येतं. काका हात जोडून ऐकत होते. साहेब म्हणाले, "त्यासाठी शेतकरी बंधूंनी काय करावं..." आणि रेडिओचे सेल संपले.

काय करावं ते राहिलं. काय करू नये तेवढं कळलं. काकांनी तेवढंच केलं, म्हणजे काहीच केलं नाही.

पाऊस लागला आणि रोपाच्या जागेत असं गवत माजलं की त्यात शिरलेली एक बकरी दिवाळीत सापडली, तीही करडांसकट. दोन्ही घरांची रोपाची जागा एकच. राघोदादांना लोकांच्या दारात जाऊन रोप मागावं लागलं. त्या माणसानं तोवर कोणाच्या घरी पाणीसुद्धा मागून प्यायलं नव्हतं. भर खळ्यावर ते गरजले, "डबड्याचं ऐकून शेती करनारा माझा भाऊ नाय!"

काकाही कमी नाहीत. "मंग डबड्याच्या भावाशी तू बोलू पन नको!"

दोघं तडक गावदेवीसमोर गेले आणि शपथ घेऊन आले. जो आधी बोलेल त्यानं देवीला कोंबडा द्यायचा. तेव्हापासून दोन्ही घरांत एकेक कोंबडा राखून ठेवलेला असतो. देवीच्या नावाचा म्हणून त्याला कोणी हात लावत नाही. बोलायला कोणी तयार नाही. त्यामुळे आमच्या वाडीतले कोंबडे दात पडेपर्यंत जगतात.

गेल्या वर्षी राघोदादांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, जीभ जड झाली. बोलणं जवळजवळ बंदच झालं. तेव्हापासून ते पडवीत, कुडाशेजारी, बाजेवर पडून असतात. सगळी वाडी बघून आली. काका बांध ओलांडून गेले नाहीत. लोकांनी त्यांना नावं ठेवली. मी जरा जास्तच ठेवली. दुकानात बसून माणसाला दुसरा उद्योग काय असतो?

आणि या शिमग्यानंतर रेडिओ गेला.

गेला तो भजनाच्या मधोमध. 'खर्र' झालं आणि देव वाटेतच राहिला. काकांनी त्याला थोपटलं, उन्हात ठेवलं, शेकलं, पाठीला खोबरेल चोळलं. चुलीतली राख लावायला निघाले तेव्हा मी आवरलं आणि आम्ही जीपनं मुरबाडला गेलो. सबंध वाटेत रेडिओ काकांच्या मांडीवर. खड्डा आला की त्याची मान धरत होते.

मुरबाडचं रेडिओचं दुकान आता मोबाइलचं झालंय. दुकानदारानं मागची फळी उघडली, आत फुंकर मारली, आणि डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावून घेतात तसा मला बाजूला घेऊन म्हणाला, "याचा पार्ट आता मिळत नाही. मोबाइलवर ऐका म्हणावं."

"आमच्या वाडीत रेंज आंब्याच्या शेंड्यावर येते," मी म्हटलं. "या वयात चढवू का त्यांना?"

मग त्यानं मुठीएवढा नवा रेडिओ काढून लावला. काकांनी तो कानाजवळ धरला, लांब धरला, जमिनीवर ठेवून पाच पावलं मागे गेले.

"ह्याचा आवाज माझ्या ओटीखाली उतरनार नाय."

"तुम्हालाच ऐकायचाय ना, काका? मग ओटीखाली कशाला उतरायला पाहिजे?"

काकांनी तो उचलून दुकानदाराच्या हातात परत दिला. एवढंच म्हणाले, "मोठ्या आवाजाचा बघ." दुकानदारानं कल्याणहून मागवून पुढच्या बाजाराच्या दिवशी द्यायचं कबूल केलं. मला वाटलं, म्हाताऱ्याचे कान गेले.

वाडीत सुतक पडल्यासारखं झालं. कोणाच्या चुली दुपारी पेटल्या, कोणाची गुरं पाण्यावाचून राहिली. म्हैस अर्थातच संपावर. काका माझ्या दुकानाच्या फळीवर येऊन बसायचे आणि रिकाम्या पाटाकडे बघायचे.

अशातच एका दुपारी राघोदादांची सून सुमन दुकानात आली. शपथ काही तिनं घेतलेली नव्हती, पण सासरचा मान म्हणून ती काकांशी कायम मध्ये माणूस घालून बोलायची. काका हातभर अंतरावर बसलेले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "दिनेशभाऊ, काकांना इचार, रेडिओ कदी येनार?"

"काका, ही विचारतेय..."

"ऐकलं. बाजाराला येल, सांग."

"बाजार लांब हाय. काकांना सांग, आबा जेवत नाय."

काकांनी मान वर केली.

"भजन लागलं की आबा तोंड धुवायला मागायचं," सुमन सांगू लागली. "बातम्यांना च्या. ती कोन गानारी लागली की डाव्या हातानं बाजेवर ठेका धरायचं. नि बाजारभाव लागलं की मी पेज द्यायची. भाव ऐकता ऐकता वाडगा कदी रिकामा व्हायचा, कलायचं पन नाय. आता कसला टाइमच ऱ्हायला नाय त्यांना. डोलं मिटून पाठ फिरवून पडलंय. चमचा लावला तर ओठ घट्ट. डाक्टर बोलला, असंच चाललं तर तालुक्याला नेऊन भरती करा. नि आबा तिकडं गेलं तर..." तिनं पदर तोंडाला लावला.

मी काकांकडे बघितलं. मग त्यांच्या पाटाकडे. मग पाटासमोरच्या कुडाकडे. आणि लहरी मुंबईकडून येतात, पण जातात कुठे, हे मला एवढ्या वर्षांनी कळलं.

"काका," मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही रोज..."

"लहरींचं हाय ते," काका फटकन म्हणाले. थोडा वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसले. मग एकदम, "दिन्या, ते घासलेट वतायचं मोठं नरसाळं हाय का रे तुझ्याकडं?"

"आहे. का?"

"घासून दे." उठून चालू लागले. चार पावलांवर थांबून वळले. "मी शपथ मोडनार नाय. सांगून ठेवतो. दादाशी मी बोलत नाय नि बोलनार पन नाय. पन रेडिओ कुटं कोनाशी बोलतो? तो प्रसारन करतो. ज्याला ऐकायचं तो ऐकंल."

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी अंथरुणात ताडकन उठून बसलो. बाहेर कोणीतरी नाकातून सूर काढत होतं. रेडिओ सुरू होतो तेव्हाची ती धून. फक्त सर्दी झालेली. धावत बाहेर आलो. काका स्वतः पाटावर मांडी घालून बसले होते. तोंडाला माझं नरसाळं, नरसाळ्याचं तोंड कुडाकडे.

"नमस्कार. हे शिवराम धानके यांचं केंद्र. सकालचं जेवढं वाजलं असंल तेवढं वाजलंय. ऐका भक्तिसंगीत."

काकांचा गळा म्हणजे तेल न घातलेला रहाट. पहिल्या ओळीला कावळे उडाले. दुसरीला कुत्री ओढा ओलांडून गेली. तिसरी ओळ ऐकून शेजारच्या पाड्यातली माणसं आग लागली की काय म्हणून हंडे-कळशा घेऊन आली. सुमन पडवीच्या दारात येऊन उभी राहिली. मी खुणेनं विचारलं. तिनं मान हलवली. पाठ फिरवलेलीच.

काका डगमगले नाहीत. बातम्या सुरू झाल्या. देशाच्या बातम्या म्हणजे आमची वाडी, परदेशच्या म्हणजे मुरबाड. "मुरबाडात उसाच्या रसाचं नवं दुकान निगालं असून रसात बर्फ फार घालतात असं आमचा वार्ताहर कळवतो." वार्ताहर मी. "खेल. ओढ्यावरच्या सामन्यात चेंडू विहिरीत गेल्यानं दोन्ही संघ जिंकलं." महिलांच्या कार्यक्रमात नाचणीची पेज आली. "पेज पातल करावी, ताक घालावं, वास येन्यापुरता ओवा. आजारी मानसाला निजल्या निजल्या पाजू नये. पाठीशी उशा देऊन बसता करावा. त्याला ताक आंबट आवडत नाय, लहानपनापासून नाय आवडत, तवा ताजं घ्यावं." सुमननं पदराला गाठ मारून ठेवली.

मग शास्त्रीय संगीत. काकांना एकच 'आ' येतो. तो त्यांनी असा काही घोळवला, वर नेला, तिथं सोडून दिला, पुन्हा शोधून आणला, की म्हशीनं संस्कृत बातम्यांची वाट न बघता पान्हा सोडला. बहुधा भीतीनं. मला घरात बसवेना आणि बाहेर ऐकवेना. पण सुमन दारात आली तेव्हा तिचा हात हवेत वळत होता. कूस बदलली! आबांनी तोंड कुडाकडे फिरवलं, आवाजाकडे!

श्रुतिकेत नायक, नायिका, सासू आणि दाराची कडी, सगळं काकाच. नायिका मेली तेव्हा रडलेही तेच. मधे बायकांनी आणून दिलेलं गरम पाणी प्यायले, पुन्हा नरसाळं लावलं. सगळ्या ओट्या माणसांनी भरल्या होत्या. सुरुवातीला हसत होती ती माणसं आता सुमनच्या दाराकडे डोळे लावून बसली होती. दुपारी तिनं वाडगा दाखवला. भरलेलाच.

संध्याकाळ झाली. शेतांवर राबांचा धूर उठला होता. दिवसभराच्या प्रसारणानं काकांचा गळा पार फाटला होता. शब्दांतून नुसती हवा यायची.

"शेतकरी बंधूंनो," काका म्हणाले. आणि थांबले. "बंधूंनो... आजचा इषय राब."

ओट्यांवरची कुजबुज बंद झाली. इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून तो शब्द कोणी ऐकला नव्हता.

"मागं एकदा ह्या ओटीवर राबाबद्दल एक भाषन ऐकन्यात आलं होतं. ते अर्धंच ऐकलं गेलं. सायबाची चूक नाय. अर्ध्या भाषनावर पुरी शेती करनारा श्रोता गाढव होता. त्याच्यापायी एका शेतकऱ्याला... चांगल्या शेतकऱ्याला, लोकांच्या दारात हुबं ऱ्हावं लागलं." काकांनी नरसाळं कुडाकडे आणखी पुढे सरकवलं. "त्या दिसापासनं ह्या केंद्राचं प्रसारन तुटलेलं हाय. व्यत्ययाबद्दल... दिलगीर..."

पुढचं 'आहोत' नरसाळ्यातून बाहेरच आलं नाही.

मला वाटलं, संपलं. एवढ्या लांबच्या प्रवासाला निघालेला शब्द ओटीवरच बसला.

तेवढ्यात कुडाच्या पलीकडे बाज करकरली. आणि जड जिभेनं, दगड लोटावा तसा लोटलेला एक आवाज आला.

"आ... वाज... वाढव."

"आबा बोललं!" सुमन किंचाळली. रेडिओला उद्देशून बोललेलं शपथेत धरायचं की नाही, यावर आमच्या वाडीत अजून दोन तट आहेत. तो वाद त्या संध्याकाळी तिथंच सुरू झाला. पण माझं लक्ष काकांकडे होतं.

त्यांनी घसा खाकरला. पुन्हा खाकरला. नरसाळ्यात तोंड घालून जोर लावला. आलं काय, नुसती फुसफुस. लाकडी रेडिओला आवाज वाढवायचं बटण असतं. माणसाचा गळा बसला की त्याला एकच उपाय उरतो.

काका पाटावरून उठले. नरसाळं तोंडाला तसंच, ओटी उतरले.

"यानंतर... बाजारभाव," ते चालता चालता म्हणाले. अंगण संपलं, बांध आला. बांधाशी क्षणभर घुटमळले. "मुरबाड... वांगी पडली." एक पाय पलीकडे टाकला. "वालाला उठाव हाय." दुसरा टाकला. सुमन वाडगा घेऊन दारातून बाजूला झाली. काका वाकून पडवीत शिरले, आणि आम्हाला कुडाच्या फटींतून एवढंच दिसलं की बाजेच्या कडेला बसून त्यांनी नरसाळं खाली ठेवलं आणि सुमनच्या हातातला चमचा स्वतःच्या हातात घेतला.

भेंडी, गवार, काकडी, सगळं त्यांनी सांगितलं असणार. मधलं गाळायची त्यांना सवयच नाही. पण इतक्या हळू सांगितलं, की त्या दिवसाचा एकही भाव आम्हाला कळला नाही.